हळदीचं भाषण आणि बसलेला घसा

घसा बसणं हा काही आजारच नव्हे, असं नागोराव छत्तीस वर्षं लोकांना सांगत आले होते. कृषी सहायक म्हणून त्यांची सगळी नोकरी वर्धा जिल्ह्यातल्या हळदीच्या पट्ट्यात झाली. निवृत्तीनंतर पत्नी वेणूबाईंसह ते पुण्यात वारज्याला मुलाकडे राहायला आले, त्याला आता दहा महिने होत आले होते. तिकडे बांधावर उभं राहिलं की चार गावचे शेतकरी ऐकायला थांबायचे. इथे लिफ्टमध्ये उन्हाबद्दल बोललं तरी माणसं मोबाइलमध्ये तोंड घालायची. सोसायटीत त्यांना नावसुद्धा नव्हतं, ते नुसते 'आठशे तीनचे आजोबा' होते.

म्हणून ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष अभय दाते यांनी 'हळदीच्या कुळातील वनस्पतींचे औषधी गुण' या विषयावर बोलाल का, असं विचारलं, तेव्हा नागोरावांनी वाक्य संपायच्या आत होकार दिला. नऊ माणसं येतात, त्यातली तीन चहासाठी, हेही दात्यांनी आधीच सांगून टाकलं. नागोरावांना नऊ पुष्कळ होती. त्यांनी बावीस पानं लिहिली, आठवडाभर बाल्कनीत उभं राहून मोठमोठ्यानं वाचली, आणि भाषणाच्या दिवशी सकाळी उठले तर आवाज गायब.

सून प्रियदर्शनी हिंजवडीच्या बससाठी निघाली होती. जाता जाता डॉक्टरांना दाखवून घ्या म्हणाली. नागोरावांनी एका कागदावर लिहून तिच्यापुढे धरलं, 'हळदीवर बोलणारा माणूस घशाला गोळी घेत नाही.'

मग उपचार सुरू झाले. आधी हळद-मिठाच्या गुळण्या. अर्ध्या तासात गुण येईना, म्हणून आल्याचा रस आणि मध. सातव्या पानावर एक चमचा लिहिलं होतं, त्यांनी चार घेतले. नाक वाहिलं, डोळे वाहिले, आवाज जागचा हलला नाही. गाणारी माणसं घशासाठी कुलंजनाचं तिखट मूळ चघळतात, हेही त्यांनीच लिहिलेलं. त्यांनी अंगठ्याएवढा तुकडा गालात धरून कचकन चावला. त्यानंतर आपली जीभ दुसऱ्या कुणाची तरी आहे असं त्यांना संध्याकाळपर्यंत वाटत राहिलं. थोडं थोडं घ्या, असं वेणूबाई दोनदा म्हणाल्या, पण नागोरावांनी हातानंच त्यांना थांबवलं. शेवटी त्यांनी गळ्याला हळदीचा जाड लेप थापला आणि वर मफलर गुंडाळला. लेप हनुवटीवरून हळूहळू कानांपर्यंत पोचला.

पाचला भाषण. साडेचारला ते माइक बघायला खाली उतरले. हॉलच्या दाराशी सर्जेराव बसले होते. ही इमारत ज्या शेतावर उभी आहे ते एकेकाळी त्यांचंच. त्यांनी मफलरची चौकशी केली. नागोरावांनी तोंड उघडलं, तर शब्दाऐवजी पिवळी लाळ आली. त्यांनी बोट तोंडाकडे नेलं, मग हॉलकडे केलं. सर्जेरावांच्या थोरल्या भावाला दोन वर्षांपूर्वी अशीच वाचा जाऊन अर्धांगवायूचा झटका आला होता, आणि तेव्हा त्यांना पोचायला उशीर झाला होता. या वेळी त्यांनी क्षण दवडला नाही. नागोरावांना उचलून बाकावर आडवं केलं, चपला काढल्या, अँब्युलन्सला फोन लावला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, '८०३ चे आजोबा सीरियस. हॉलमध्ये या.'

दहा मिनिटांत चाळीस माणसं जमली. कुणी अर्धांगवायू म्हणालं, कुणी कावीळ. कावीळ म्हटल्यावर टाकीचं पाणी पिऊ नका असंही ठरलं. नागोराव छातीवर बावीस पानं धरून उठायला बघायचे, आणि सर्जेराव त्यांना मायेनं परत दाबायचे.

"पडून ऱ्हावा नाना, गाडी येतीय. म्या हाय."

इतक्यात वेणूबाई आठ मजले जिना उतरून धापा टाकत आल्या.

"यायले काही नाही झालं जी," त्या म्हणाल्या. "हळद लागली हाये नुसती."

तिसऱ्या मजल्यावरच्या यमुनाबाईंना ते पटेना. घसा बसल्यावर हळद गळ्याला बाहेरून कशाला, असं त्यांनी विचारलं. वेणूबाई म्हणाल्या, लेप असतो मुक्या मारासाठी, तोही आंबेहळदीचा. घशासाठी गुळण्या पुरतात. मग आंबेहळद आणि हळद यांत फरक काय, असं कुणी विचारलं. वेणूबाई उभ्या उभ्याच सांगू लागल्या. आंबेहळदीला कैरीचा वास कसा येतो, ती सहाणेवर उगाळून सुजलेल्या पायाला कशी लावायची. केसात माळतो तो सोनटक्का आणि चहातला वेलदोडा हेही हळदीच्याच घरातले, हे ऐकून माणसांनी खुर्च्या ओढल्या. दोन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरकडेच जायचं, हेही त्यांनी बजावलं. अँब्युलन्स आली. डॉक्टरांनी नागोरावांना तपासलं, ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं, आणि पाच मिनिटं दारात उभं राहून तेही ऐकत राहिले.

ज्यांना बस लागते त्यांनी आल्याची वडी जवळ ठेवावी, असं वेणूबाई सांगत होत्या. नागोरावांच्या सतराव्या पानावर ते जरा वेगळं होतं. दुरुस्ती करायला त्यांनी सवयीनं तोंड उघडलं आणि "अं" असा स्पष्ट आवाज निघाला. घसा सुटला होता!

वेणूबाईंना तो ऐकू गेला नाही, पण त्यांचं उघडलेलं तोंड दिसलं तशा त्या बोलता बोलता थांबल्या. नागोरावांना काही सांगायचंय असं वाटून त्या खाली बसायच्या बेतात आल्या.

नागोरावांची नजर कागदांवर गेली. आंबेहळद, सोनटक्का, आल्याची वडी. यातली एकेक गोष्ट त्यांनी पहिल्यांदा ऐकली होती ती घरी, हळद शिजवायच्या कढईशेजारी, याच तोंडून. बावीस पानांत तिचं नाव कुठेच नव्हतं. त्यांनी तोंड मिटलं आणि हातानं खूण केली, चालू दे.

आणखी वीस मिनिटं त्या बोलल्या. आभार मानताना दाते म्हणाले, "पुढच्या महिन्यात याच विषयाचा उरलेला भाग. वक्त्या वेणूबाई. नागोराव, आपणही अवश्य या. असेच या."

सर्जेराव लिफ्टपर्यंत सोडायला आले. नागोरावांनी त्यांचे दोन्ही हात हातात धरले. त्यांना ते बराच वेळ सोडवेनात.

घरात शिरल्यावर ते मोकळ्या आवाजात म्हणाले, "वेणू, फार उपकार झाले तुझे."

वेणूबाई चमकल्या. "आवाज कधी आला?"

"तू आल्याचं सांगत होतीस तेव्हाच."

"म्हणजे पुढची वीस मिनिटं तुम्ही आवाज असून गप्प बसले?"

नागोरावांनी मान डोलावली.

वेणूबाई जवळ आल्या आणि त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.