कंट्रोलर मेळाव्याला का आले नाहीत

आमच्या निपाणीचे यल्लाप्पा कंट्रोलर माणसं नावानं ओळखत नाहीत. ज्यानं व्हॉट्सॲपवर जो फोटो लावलाय, तेच त्याचं नाव. मेळाव्याच्या दिवशी मंगल कार्यालयाच्या दारात माईक धरून ते पुकारा करत, "कडोलीचा मोर आलेला आहे. मच्छेचे दोन्ही गणपती आलेले आहेत, त्यांनी पंख्याखाली बसून घ्यावं. बेळगावचं गुलाबाचं फूल वाटेत आहे, त्याची खुर्ची कुणी धरू नये." थोड्या वेळानं टक्कल पडलेले, आडव्या अंगाचे एक निवृत्त फौजदार घाम पुसत आत येत. तेच गुलाबाचं फूल.

पुकारा करणं हा कंट्रोलरांचा धंदाच होता. उभी हयात त्यांनी बसस्टँडवर गाड्या पुकारल्या, एकदा कन्नडमध्ये, एकदा मराठीत. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर पुतण्यानं फोन घेऊन दिला आणि 'वेशीवरची माणसं' या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं. सकाळी फुलं आणि रात्री भांडणं, असा तो ग्रुप. बेळगावपासून निपाणीपर्यंतची माणसं त्यात होती आणि कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कंट्रोलरांनी लिहिलं, "सगळी हितलीच हायसा, तर भेटत का न्हायसा?"

एकानं नुसता अंगठा पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाच्या दारात कंट्रोलर उभे. "आंगठा दिलासा न्हवं? आलो."

तो अंगठा माझा होता. मी हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेला माणूस, अंगठा उठवायचा आणि विसरून जायचं एवढंच मला ठाऊक. कंट्रोलरांनी दोन कप चहा घेतला, पोहे खाल्ले आणि उठताना म्हणाले, "सर, बोटं लई चालली आपली. आता खाली उतरूया."

'खाली उतरा' हे त्यांचं पालुपद. ग्रुपवर कुणी लांबलचक लिहायला लागलं की खाली कंट्रोलरांचा संदेश यायचाच, "खाली उतरा, चहाला या." मांडे कुठल्या गावचे पातळ, यावरून दोघांची महिनाभर जुंपली होती. पहिल्या मेळाव्यात कंट्रोलरांनी त्या दोघांना पंगतीत शेजारी बसवलं आणि स्वतः वाढायला आले. "हां, भांडा आता. आमटी घालू का?" दोघं मुकाट्यानं जेवले. हल्ली उन्हाळ्यात त्यांची एकमेकांकडं आंब्याची पेटी जाते. कडोलीच्या मोराच्या मुलीला मच्छेच्या एका गणपतीनं कारखान्यात चिकटवलं, तेही पंगतीतच. तीन सोयरिकी जमल्या. पुढं दर दोन महिन्यांनी रविवारी मेळावा होऊ लागला. मला बोलता येतं म्हणून मला अध्यक्ष केलं. बाकी सगळं, म्हणजे कार्यालय ठरवण्यापासून उष्टी काढण्यापर्यंत, कंट्रोलर.

नियम एकच होता, त्यांनीच केलेला. तीन गाड्या चुकवल्या की पास रद्द. म्हणजे तीन मेळाव्यांना आला नाही तो ग्रुपमधून बाहेर. केला खरा, पण कंट्रोलरांनी तो कधी कुणाला लावला नाही.

बोरगावचं एक कमळ होतं. रोज सकाळी पहिला संदेश त्याचा, "सगळ्यांचा दिवस सुखाचा जावो." कुणाचा गुडघा दुखला, कुणाचा मुलगा पास झाला, कमळाचं उत्तर ठरलेलं. प्रत्येक मेळाव्याला कमळ "येते" म्हणायचं आणि यायचं नाही. कंट्रोलर शेवटची पंगत उठेपर्यंत पुकारत, "बोरगावचं कमळ अजून आलेलं नाही." एक ताट झाकून ठेवत.

चौथ्या खेपेला मी ते कमळ ग्रुपमधून काढून टाकलं. मला न येणाऱ्यांपेक्षा 'येते' म्हणून न येणाऱ्यांचा जास्त राग. शाळेतली सवय.

दुसऱ्या दिवशी कंट्रोलर आले. "सर, आज कमळाचा संदेश न्हाय."

"नियम तुमचाच आहे," मी म्हणालो.

"व्हय, माझाच." ते जोत्यावरून खाली उतरले. "खरं गाडी सोडायच्या आधी एकदा मागं बघायचं असतंय, सर." आणि समोरून जाणाऱ्या बोरगावच्या गाडीला हात करून चढले.

संध्याकाळी परत आले ते दारातूनच बोलले. "सुमन नाव हाय बाईचं. सासरा अंथरुणाला खिळलाय, वाचा गेलीया. नवरा इचलकरंजीत मागावर कामाला, आठवड्यातनं एकदा येतोय, तेबी रविवारी न्हाय. दर मेळाव्याला ही साडी काढून ठेवती. शेजारीण म्हाताऱ्याजवळ बसते म्हणती आणि ऐन वक्ताला येत न्हाय. येते म्हणालती ते खोटं नव्हतं, सर."

मी तिला परत ग्रुपमध्ये घेतलं. एखादी बाई लावू बसायला, असंही म्हणालो. कंट्रोलर म्हणाले, "बघतो मी."

पुढचा मेळावा कंट्रोलरांच्या सत्काराचा होता. शाल, श्रीफळ, बेळगावहून पाहुणे, सगळी तयारी मी केली होती. कंट्रोलर आले नाहीत. फोन बंद. पुकारायला कुणी नव्हतं, त्यामुळं एक बारीक अंगाची बाई घडीच्या खुणा असलेली साडी नेसून बराच वेळ दारातच उभी राहिली. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाली, "मी कमळ."

आणि मग हळूच, "कंट्रोलर आण्णा आमच्या मामंजींजवळ बसल्यात. तुम्हाला तेवढं सांगा म्हणाल्यात, बाकी कुणाला नको."

कुणाचा फोटो कोणता एवढं सांगितल्यावर सुमनबाईंना कुणाची ओळख करून द्यावी लागली नाही. गुलाबाच्या फुलाला त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "गुडघा कसा हाय आता?" फौजदार लाजले. बायकांच्या पंगतीत त्या जेवल्या कमी आणि बोलल्या जास्त. भात दोनदा निवला.

इकडं कुजबुज सुरू झाली होती. "रुसला कंट्रोलर. पत्रिकेत नाव बारीक छापलं म्हणून." "मान पाहिजे रं सगळ्यांना." मी माईक हातात घेऊन उभा होतो. खरं काय ते सांगितलं असतं, तर कमळाला कुणी काढलं होतं तेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनाच ठाऊक." पाहुण्यांना पुढं दुसरा कार्यक्रम होता. आणलेली शाल त्यांनी माझ्या खांद्यावर घातली.

तेव्हापासून निपाणीत हेच बोललं जातं की कंट्रोलर मानापमानावरून मेळावा सोडून गेले. त्यांच्याही कानावर ते गेलं. "बोलू देत की," म्हणाले, "तोंड हाय ते चालणारच." सांगू नका हे त्यांचं सांगणं मी इतके दिवस पाळलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं. आता पाळत नाही. कंट्रोलर कुणावर रुसले नाहीत. मेळावा असो नसो, दर रविवारी सकाळच्या गाडीनं ते बोरगावला जातात, म्हणून सुमनबाईंना घराबाहेर पडता येतं.

गेल्या मेळाव्याला मी माईक कडोलीच्या मोराकडं दिला आणि बोरगावला गेलो. कंट्रोलर खाटेशेजारी बसून म्हाताऱ्याला पेज भरवत होते. एक हात चमच्याला, दुसऱ्या हाताची बाही म्हाताऱ्याच्या मुठीत. आजूबाजूला कुणी नसताना ते त्याला गावातल्या बातम्या सांगत होते, सावकाश, एकदा कन्नडमध्ये आणि एकदा मराठीत.

"उठा," मी म्हणालो. "आज मी बसतो. तुम्ही जावा. तिकडं सगळे तुमची वाट बघतायत."

"बघू देत थोडी." त्यांनी म्हाताऱ्याचं तोंड पंच्यानं टिपलं. बाही सोडवून घेतली नाही. "सुमन सांगालती, हा रविवारी उजाडल्यापासनं दाराकडं तोंड करून पडतोय म्हणं. मी आलो की मगच पेज घेतोय." चमचा परत पेजेत बुडवत ते म्हणाले, "लोकं वाट बघत्यात ती गाडीची, सर. माझी म्हणून कुणी बघालंय, हे आत्ताच चालू झालंय."