मोहित्यांचे पाहुणे

आमच्या समोरच्या ब्लॉकमधले शंकरराव मोहिते देवाकडे कधी काही मागत नाहीत. ते देवाला घरी बोलावतात. हात जोडून, पत्ता सांगून, वाट समजावून.

मी हे पहिल्यांदा ऐकलं ते नेरूळला, आमच्या सेक्टरातल्या नव्या गणपतीच्या देवळात. मोहिते गाभाऱ्यासमोर उभे राहून सांगत होते, "रविवारी या की चहाला. दुसरा मजला, डावीकडचं दार. बेल बंद हाय, कडी वाजवा."

पुजाऱ्याला वाटलं, आपल्यालाच सांगतायत. रविवारी सकाळी तो दारात हजर! मोहिते इतके खूश झाले की आधी चहा, मग पोहे, मग जेवण असं करत त्यांनी त्या माणसाला संध्याकाळच्या आरतीपर्यंत सोडलंच नाही. तेव्हापासून मोहिते देवळात शिरले की पुजारी घंटा जोरजोरात वाजवायला लागला.

मोहिते मूळचे साताऱ्याकडचे. मार्केट मुंबईतून वाशीला आलं, तसे कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर काम करणारे मोहितेही खाडी ओलांडून इकडे आले. भायखळ्याला त्यांची एक खोली होती आणि त्या खोलीत कायम गावाकडचं माणूस. कोणी दवाखान्यासाठी, कोणी नोकरीसाठी, कोणी नुसतीच मुंबई बघायला. "अंधारात उठायचं म्हंजे कुनाच्या पोटावर पाय पडंल सांगता यायचं न्हाई," हे ते अगदी अभिमानाने सांगत. नेरूळला ऐसपैस जागा झाली. बाल्कनी आली, पाहुण्यांसाठी वेगळी गादी आली. पाहुणे मात्र येईनात. नव्वदनंतरची ती सुरुवातीची वर्षं. अर्धं नेरूळ बांधकाम आणि अर्धं चिखल. नातेवाईक म्हणायचे, लई लांब पडतं.

एका हिवाळ्यात मोहिते पाठीवर भलीमोठी सॅक लावूनच माझ्या दारात आले.

"चला, गोकर्णाला जाऊ. शांत गाव हाय म्हनं. देवळं भरपूर, गर्दी कमी. म्हंजे देवांनाबी बोलायला टाइम असंल."

"आणि ही सॅक कशाला?"

"हातात पिशव्या असल्या की नमस्कार नीट होत न्हाई ओ."

मोहितेवहिनींनी मला बाजूला घेतलं. "भावजी, तुमी जाच संगं. एकटं गेलं तर तिकडनं कुनाला तरी घिऊनच येतील."

गेलो. अंकोल्याला उतरून दुसरी बस धरून गोकर्ण. कौलारू घरं, अरुंद रस्ता, दारादारात रांगोळ्या आणि रस्त्याच्या मधोमध निवांत गाय. पाठीवर सॅक घेतलेली गोरी पोरं हिंडत होती. मोहिते त्यातल्या प्रत्येकाला स्वतःची सॅक वळून दाखवत आणि सलाम ठोकत. तेही हसून हात हलवत.

तिथल्या महाबळेश्वराच्या, म्हणजे शंकराच्या, देवळात सदरा काढून आत जायचं असतं. मोहिते उघड्याने रांगेत उभे राहिले, नंबर आला, त्यांनी हात जोडले आणि चक्क हिंदीत सुरू झाले.

"नमस्ते. मैं मोहिते, नेरूल से. कभी हमारे इधर आना. वाशी को मत उतरना हां, सब लोग वहीच उतरते. नेरूल में पानी के टाकी के पास किसी को भी पूछना. रिक्षावाला जास्ती मांगा तो मेरा नाम बोलना."

मागची रांग खोळंबली. भटजींनी कानडीत काहीतरी सुनावलं आणि हाताने पुढे सरका अशी खूण केली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "हिंदीत कशाला?"

"मग! हितं मराठी कुठं समजती?"

दोन दिवस हेच चाललं. गणपतीला त्यांनी सांगितलं, "चूहा साथ में लाया तो भी चलेगा, सोसायटी में बिल्ली नहीं." भद्रकालीसमोर मात्र आवाज खाली आला. "दीदी, आप आने से पहले खबर करना. नीचे बुढ्ढे लोग रहते."

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. संध्याकाळी अंकोल्याहून मुंबईची गाडी होती, तिकिटं काढलेली होती. दुसऱ्या दिवशी मला कामावर हजर व्हायचं होतं. साहेबांनी तसं बजावूनच रजा दिली होती. कोटितीर्थाच्या तळ्यामागून स्टँडकडे जाताना एका गल्लीत छोटंसं देऊळ दिसलं. दार अर्धवट उघडं. आत दिवा नाही, पिंडीवर वाळून काळं पडलेलं फूल, कोपऱ्यात जाळी.

"एवढं एक," म्हणून मोहिते आत शिरले. मी घड्याळ बघत बाहेर उभा. आतून हिंदी काही ऐकू येईना. डोकावलो तर मोहित्यांनी सॅक उतरवली होती आणि गळ्यातल्या टॉवेलने ते फरशी पुसत होते. मग तळ्यावरून पाणी आणलं, पिंड धुतली आणि मांडी घालून बसले.

"आवरा की हो! बोलवा त्यालाही घरी आणि चला, बस चुकेल."

"न्हाई, याला न्हाई बोलवायचं."

"का?"

"त्यो कसा येनार? हा तिकडं आला आन त्येवढ्यात हितं कुनी आलं, दार बंद दिसलं, तर?"

मोहिते पिंडीकडे बघत म्हणाले, "आमीबी दोघं कधी संगट भायेर पडत न्हाई. नेरूळला आल्यापास्नं. एक जन घरात असतोच. एवढ्या लांब कुनी यायचं आन कुलूप बघून माघारी जायचं... बरं न्हाई." मग शेजारची फरशी त्यांनी हाताने साफ केली. "बसा की. आलोय तर बसू जरा."

मी बसलो. मोहिते देवाला मराठीत घरच्या गोष्टी सांगत होते. लेकीचं सासर, बंद पडलेली बेल, यंदा बाल्कनीत लावलेली मिरची. बस चुकली. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने आलो आणि साहेबांची बोलणी खाल्ली.

पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी आमची कडी वाजली. दारात मोहिते आणि वहिनी, दोघांच्याही पाठीवर सॅक. वहिनींनी नऊवारीच्या पदरावरूनच पट्टे आवळले होते.

"निघालो बगा. त्येला भेटून येतो," मोहिते म्हणाले आणि त्यांनी घराची चावी माझ्या हातात दिली. "कुनी आलं तर दार उघडून बसवा. चा-साखर वरच्या फळीवर हाय."

त्या दिवशी आम्ही नवरा-बायको सिनेमाला जाणार होतो. बायको तयार होऊन बाहेर आली, टेबलावरच्या चावीकडे तिने एकदा बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही या जाऊन. मी थांबते."

शेवटी दोघंही घरीच थांबलो.