एक अपघात हवा आहे

"तुम्हाला कुणी कामावरून काढत नाहीये," साहेब म्हणाले आणि जपूनकाका सावध झाले. साहेब असं मऊ बोलायला लागले की पुढे काहीतरी वाढून ठेवलेलं असतं, हा इतक्या वर्षांचा अनुभव होता.

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात सुरक्षेचं काम काकाच बघत. दिवसभर "जपून, जपून" करत यंत्रांमधून फिरायचे, म्हणून ते जपूनकाका. आता वरून नियम आला होता. सुरक्षा बघणाऱ्याकडे वर्षाखेरीपर्यंत त्या विषयाचं शिक्षण हवं. नाहीतर बाहेरून शिकलेला माणूस येणार, आणि काकांनी माल चढवायच्या विभागात रात्रपाळी करायची. काकांचे गुडघे दिवसपाळीलाच कुरकुरत होते.

"दोन रस्ते आहेत," साहेब म्हणाले. "एक विद्यापीठाची पदवी. तीन वर्षं लागतील, पण प्रवेशाची पावती दाखवलीत तरी तूर्त भागेल. दुसरा, व्यावसायिक प्रमाणपत्र. ते मात्र वर्षाखेरीच्या आत हातात पाहिजे. ठरवा आणि सांगा."

घरी बायको मटार सोलत होती. तिने हात न थांबवता निकाल दिला.

"अहो, पदवीच करा. माझा भाऊ बघा, पदवीवर आज केबिनमध्ये बसतो."

"तुझ्या भावाने जन्मात कधी कुणाची शिडी धरली आहे का?"

"धरावी लागत नाही, म्हणूनच तर पदवी."

"अगं, दोन ओळी वाचल्या की माझी मान छातीवर येते. परवाचं वर्तमानपत्र अजून पहिल्याच पानावर आहे. त्यापेक्षा ते दुसरं बरं. त्यात पेपरच नाही. परीक्षक बाई कारखान्यात येणार, मी काम करतो ते बघणार आणि जाणार. काम तर मी रोजच करतो!"

"इतकं सरळ असतं का काही?" बायको म्हणाली. काकांना तो विषय लांबवायचा नव्हता. त्यांनी दोन मटार तोंडात टाकले आणि व्यावसायिक रस्ता धरला.

सुरुवात झकास झाली. आगीच्या वेळी बाहेर पडायचा सराव, कापणीच्या यंत्रावरची जाळी, कानात घालायचे बोळे, सगळ्याचे फोटो काकांनी पुराव्यासाठी काढले. प्रमाणपत्राच्या यादीतली शेवटची अट मात्र त्यांनी उभ्याउभ्या वाचली आणि मग बसून वाचली. उमेदवाराने चालू वर्षात प्रत्यक्ष घडलेल्या एका अपघाताची चौकशी केलेली असावी.

अपघात! काका सुरक्षा बघायला लागल्यापासून त्या कारखान्यात कुणाचं बोटसुद्धा चिमटलं नव्हतं. त्यांनी प्रमाणपत्राच्या कार्यालयात फोन लावला.

"अपघात झालाच नसेल तर काय करायचं?"

"तर उमेदवाराचा अनुभव अपुरा धरतात," पलीकडून उत्तर आलं.

"म्हणजे मी काम नीट केलं म्हणून नापास?"

"तसं लिहिलेलं नाही हो," पलीकडचा माणूस कागद चाळत म्हणाला. "पण अर्थ तोच होतो."

त्या संध्याकाळी बायको नेहमीप्रमाणे देवापुढे हात जोडून उभी होती. कारखान्यात कुणाला खरचटूसुद्धा देऊ नकोस, हे तिचं रोजचं मागणं. काका मागे घुटमळले.

"ऐक ना. हे तू जे रोज मागतेस... थोडे दिवस..."

"थोडे दिवस काय?"

तिने वळून असं पाहिलं की काकांनी स्वतःच हात जोडले. "काही नाही. चालू दे तुझं."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या ताईंनी विचारलं, "काका, चेहरा का उतरलाय? घरी सगळं ठीक ना?"

काका इतके दमले होते की खरं बोलून गेले. "सगळं ठीक आहे. एक छोटासा अपघात कमी पडतोय, एवढंच."

"अय्या, एवढंच ना!" शेजारणीने वाटीभर साखर मागावी आणि ती आपल्या डब्यात निघावी, तशा ताई म्हणाल्या.

तासाभरात सगळ्या कारखान्याला कळलं. काका रात्रपाळीला जाणार आणि केबिनमध्ये बसणारा कुणीतरी येणार, हे कुणालाच नको होतं. पहिले पुढे आले ते स्टोअरचे भाऊ. माणूस आडवातिडवा, मन लोण्याचं.

"काका, मी स्टुलावरून पडतो," ते म्हणाले. "तुम्ही फक्त तिकडे तोंड करून उभे राहा."

"खबरदार! मी खोटा अपघात लिहिणार नाही."

"खोटा कुठे? पडणार आहे ना मी खराखुरा."

काका कानावर हात ठेवून निघून गेले, पण भाऊंनी मनावर घेतलं होतं. अडचण एकच होती. या मंडळींना काकांनी इतकी वर्षं घासूनपुसून तयार केलं होतं. भाऊ स्टुलावर चढले खरे, पण आधी त्यांनी डोक्यावर शिरस्त्राण घातलं. दोघांनी स्टूल धरलं. ताईंनी खाली पुठ्ठ्याचे थर अंथरले आणि "जरा थांबा हं, कोपरा टोकदार आहे," म्हणून तो दुमडला. मग भाऊ पडले. पडल्यावर त्यांना इतकं आरामशीर वाटलं की ते थोडा वेळ उठलेच नाहीत.

एकाने बोट चिमटवून घ्यायचं ठरवलं, पण जाड हातमोजे काढायला काही त्याचं मन होईना. दुसऱ्याने यंत्राची जाळी उघडली, तर यंत्रच बंद पडलं. ती सोय काकांनीच करून घेतली होती.

अखेर परीक्षक बाई यायचा दिवस उजाडला. बाई पन्नाशीच्या, थकलेल्या, हातात जड पिशवी. त्यांनी काकांबरोबर अर्धा कारखाना पाहिला, मान डोलावली आणि विचारलं, "अपघात?"

"नाही हो, मॅडम," काका अपराधी आवाजात म्हणाले.

"बघा, असेल कुठेतरी," बाई म्हणाल्या आणि पॅकिंगकडे वळल्या.

पॅकिंगच्या दारापाशी भाऊ शेवटचा प्रयत्न करणार होते. त्यांनी जमिनीवर बादलीभर पाणी ओतलं होतं आणि आता ते त्यावर घसरणार होते. पण पाणी ओतलं की पिवळी पाटी उभी करायची, तीही वाटेच्या मधोमध, हे सगळ्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. पाट्या लागल्या. भाऊ दम घेऊन पाय उचलणार, तेवढ्यात दार उघडून परीक्षक बाई आत आल्या, धप्पकन आवाज झाला आणि बाई जमिनीवर बसलेल्या दिसल्या.

घोटा मुरगळला होता. बाईंना खुर्चीवर बसवलं, पाय स्टुलावर ठेवला, वर बर्फाची पिशवी. काका पांढरेफटक पडले होते.

"बघताय काय नुसते?" बाई कण्हत म्हणाल्या. "करा चौकशी."

काकांनी खिशातलं पेन काढलं. "मॅडम, पाटी दिसली नाही का?"

"दिसली ना. 'फरशी ओली आहे, जपून चाला.' ती वाचत होते, तोवर दुसऱ्या पाटीत पाय अडकला."

काका ताईंकडे वळले. "दोन पाट्या का?"

"तीन आहेत. तुम्हीच म्हणता ना, एकीने भागत नाही."

काकांनी मुकाट्याने लिहून घेतलं. "आणि पाणी कसं सांडलं?"

मग भाऊ पुढे आले. "मी ओतलं."

"का?"

"घसरायला."

"घसरायचं कशाला?"

"तुम्हाला अपघात हवा होता ना, काका."

काकांचं पेन थांबलं. 'पाणी सांडले' एवढे दोनच शब्द लिहिले असते तर प्रमाणपत्र जवळजवळ हातात होतं. बाईंनी तर डोळे मिटून मान मागे टेकली होती. भाऊ मात्र कोपऱ्यात, मार खायची वाट बघणाऱ्या मुलासारखे उभे होते. काकांनी सुस्कारा सोडला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "पाणी ओतले गेले, कारण सुरक्षा बघणाऱ्याने, म्हणजे मी, अपघात हवा असे तोंडाने बोलून दाखवले. पाट्याही माझ्याच सांगण्यावरून मधोमध होत्या. कामगारांचा दोष नाही."

"आणि तुम्हाला अपघात का हवा होता?" बाईंनी डोळे न उघडता विचारलं. "चौकशी मुळापर्यंत न्यायची असते."

"प्रमाणपत्रासाठी."

"प्रमाणपत्राला अपघात का लागतो?"

"तसा नियम आहे."

"नियम कुणी केला?"

काका घुटमळले. "तुमच्याच कार्यालयाने, मॅडम."

बाईंनी डोळे उघडले. बर्फाची पिशवी घोट्यावर नीट सरकवली.

"इथे थांबा," त्या म्हणाल्या. "इतकं खोल कुणी जात नाही."

मग पाय सावरत त्या पुढे म्हणाल्या, "चौकशी उत्तम झाली. पण मी तुम्हाला पास करू शकत नाही."

"का?" काकांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"मी आता तुमची परीक्षक राहिले नाही. मी तुमचा अपघात आहे. अपघाताने गुण द्यायचे नसतात."

पुढच्या महिन्यात दुसरे परीक्षक आले. त्या दिवशी काकांनी सगळ्यांना जागेवरून हलायचं नाही अशी तंबी दिली होती आणि स्वतः परीक्षकांच्या दोन पावलं पुढे चालत होते. परीक्षकांनी चौकशी वाचली, बाईंना फोन करून घोट्याची खातरजमा केली आणि काकांना पास केलं. वर्ष संपायच्या आत प्रमाणपत्र आलं. रात्रपाळी टळली.

"आता या प्रमाणपत्राची वरची पायरीही करून टाका," साहेब हात मिळवत म्हणाले. "वरच्या लोकांना आवडेल."

पॅकिंगमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या ओसरल्यावर भाऊ हळूच जवळ आले.

"काका, वरच्या पायरीला काय लागतं?"

काकांनी ते कालच वाचलं होतं. वरच्या पायरीसाठी उमेदवाराने खरोखर लागलेली आग हाताळलेली असावी. त्यांनी वर बघितलं. छपरापर्यंत सुक्या पुठ्ठ्याच्या थप्प्या रचलेल्या होत्या. समोर ती सगळी मायेने भरलेली तोंडं होती आणि भाऊ बाह्या सरसावत होते.

"सांगा हो, संकोच करू नका," ताई म्हणाल्या. "आपलीच माणसं आहेत."

"पुस्तकं," काका घाईघाईने म्हणाले. "जाड पुस्तकं लागतात. बाकी काही नाही."

"हात्तिच्या! त्यात आम्ही काय मदत करणार?" भाऊंचा चेहरा पडला.

"तेच तर," म्हणत काका एका खोक्यावर टेकले आणि त्यांनी घरी फोन लावला. "अगं, तुझ्या भावाला विचार ना जरा, पदवीच्या प्रवेशाची मुदत अजून संपली नाही ना?"