हाक मारली तरी यायचं नाही

"मला एक मिनिट कुणी एकटं सोडत न्हाय ह्या घरात!"

हे वाक्य बाहुबली मगदूम गेली पंचवीस वर्षं रोज म्हणत आले होते. राजारामपुरीत त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि दुकानाच्या वरच घर. वाक्य खाली गल्ल्यावर सुरू व्हायचं आणि जिना चढत वर स्वयंपाकघरात संपायचं. शेजारच्या क्लासमधल्या पोरांना रसायनशास्त्राच्या सूत्रांआधी ते पाठ व्हायचं.

मार्चमधल्या एका सकाळी हेच वाक्य म्हणून ते चहाला बसले, तर लेकीनं, आदितीनं, मोबाइल त्यांच्यापुढं सरकवला.

"पप्पा, बुकिंग केलंय. कोकणात, समुद्राकाठी. तीन रात्री, एकट्याचं."

"एकट्याचं म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही आणि समुद्र."

बाहुबलींनी मदतीच्या आशेनं बायकोकडं बघितलं. रूपालीनं लाटणं थांबवलंसुद्धा नाही.

"जावा की. पण दुसऱ्या दिवशी परत येणार तुम्ही. एकटं ऱ्हायचं तुमच्या अंगातच न्हाय."

"माझ्या? मी म्हैनाभर ऱ्हाईन!"

"मग घरी फोन करायचा न्हाय. बघू तरी."

"न्हाय करणार! तुम्हीच कराल."

रागाच्या भरात आपण काय कबूल केलं हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा ते बॅग घेऊन गगनबावड्याचा घाट उतरत होते. आता लवकर परतणं म्हणजे उरलेलं आयुष्य रूपालीचं हसू बघत काढणं. मरण परवडलं.

रिसॉर्टचं नाव 'सागरविलास पॅलेस'. एके काळी ते खरंच आलिशान असणार. दारात दोन दगडी हत्ती होते, त्यातल्या एकाची सोंड सिमेंटनं पुन्हा जोडली होती आणि ती चुकून वर वळली होती. कारंज्यात पाण्याऐवजी कुंड्या मांडल्या होत्या. लिफ्टवर 'लवकरच सेवेत' अशी पाटी होती, तिचाही रंग उडत आला होता. बाहुबलींची धंदेवाईक नजर मात्र दारांवर गेली. खाऱ्या हवेनं बिजागऱ्या फुगल्या होत्या, कड्यांवर पोपडे आले होते. 'हे सगळं बदलायला झालंय,' असं ते मनाशी म्हणाले आणि लगेच स्वतःला दटावलं. आपण इथं शांततेसाठी आलोय.

परीक्षांचे दिवस असल्यानं अख्ख्या रिसॉर्टमध्ये पाहुणा एकच होता. नोकर डझनभर. महिनाभर कामाविना बसलेली ही मंडळी बाहुबलींवर तुटून पडली. शहाळं झालं, हार झाला, ओवाळून झालं. खोलीत टॉवेलचा हंस करून ठेवला होता, तो मोडून अंग पुसायला बाहुबलींचा जीव होईना. घडीघडीला दारावर टकटक. "सर, उशी मऊ हवी की कडक?" "सर, समुद्र दिसतोय ना नीट?" दिवस मावळायच्या आत जेवायचं आणि कांदा, लसूण, बटाटा चालत नाही म्हटल्यावर आचाऱ्याचा चेहरा पडला, तरी त्यानं काकडीचे तीन प्रकार केले. भल्यामोठ्या हॉलमध्ये बाहुबली एकटे जेवत होते आणि चार वाढपी भोवती उभे होते. घास तोंडात गेला की चौघं एकदम समाधानानं मान हलवायचे.

ह्या सगळ्याबद्दल तक्रार करायला बाहुबलींना आवडलं असतं. पण माणूस प्रामाणिक होता. खरा घोळ वाढप्यांचा नव्हता, त्यांचाच होता. दुपारी ते बाल्कनीत समुद्र बघत बसले होते. समुद्र चांगला होता. पाच मिनिटांत बघून झाला. मग त्यांनी सवयीनं हाक मारली, "अरे, कोण हाय का तिकडं?" आणि जो कुणी आला त्याला त्याचं गाव विचारलं, मग त्याच्या गावात आपलं गिऱ्हाईक कोण ते सांगितलं, मग अॅल्युमिनियमचे भाव. संध्याकाळपर्यंत त्यांनी माळ्यापासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांना जमवून अॅल्युमिनियमवर चढणाऱ्या पांढऱ्या गंजाची कारणं समजावली होती. तीनदा त्यांचा हात फोनकडं गेला होता. रूपाली जिंकणार हे त्यांना लख्ख दिसायला लागलं.

जेवण झाल्या झाल्या ते मॅनेजरकडं गेले. मॅनेजरचं नाव धैर्यशील सावंत. त्या उकाड्यातही टाय लावून बसणारा, अतिशय अदबशीर आणि आतून खचलेला माणूस. पाहुण्यानं गरम पाणी मागितलं की त्याला दिलगिरी व्यक्त करावी लागे, पोहायचा तलाव मागितला की दिलगिरी, वायफाय मागितलं की दोनदा दिलगिरी.

"सावंतसाहेब, उद्यापास्नं माझ्याकडं कुणी यायचं न्हाय," बाहुबली म्हणाले.

"जशी आज्ञा, सर."

"तसं न्हवं. नीट ऐका. मी स्वतः हाक मारली तरी यायचं न्हाय. मी बडबड्या माणूस हाय. मला ऱ्हावणार न्हाय. मी काहीबी कारणं सांगीन. पोटात दुखतंय म्हणीन, साप निघालाय म्हणीन. अजिबात ऐकायचं न्हाय."

"आणि घरून फोन आला तर?"

"तर सांगायचं, साहेब एकांतात हायत."

सावंतांच्या डोळ्यांत हळूहळू चमक आली. कैक वर्षांत पहिल्यांदा एका पाहुण्यानं असं काही मागितलं होतं, जे हे रिसॉर्ट देऊ शकत होतं.

"सर," ते उभे राहून म्हणाले, "आपला शब्द खाली पडणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहुबली आंघोळ करून, कमरेला टॉवेल गुंडाळून, धुतलेलं बनियन वाळत घालायला बाल्कनीत आले. खोलीत एसी सुरू होता. गार हवा वाया जाऊ नये म्हणून त्यांनी काचेचं सरकतं दार मागं ओढून घेतलं. आतल्या बाजूला खट् असा आवाज झाला.

तो आवाज बाहुबलींच्या ओळखीचा होता. वीस वर्षं ते असले खटके विकत होते. गंजून सैल झालेला खटका आपोआप खाली पडतो, आणि मग दार फक्त आतून उघडतं, हे ते रोज गिऱ्हाइकांना सांगत. त्यांनी दार ओढलं, ढकललं, उचलून बघितलं, खांदा लावला. नाव बाहुबली असलं तरी वजन पंचावन्न किलो होतं. दार हललं नाही. वेताची खुर्ची काचेवर मारावी असं मनात आलं, पण काच टणक आहे हे त्यांना एका नजरेत कळलं होतं. तरी मारली. खुर्चीचा पाय मोडला.

बाल्कनी पहिल्या मजल्यावर, इमारतीच्या अगदी टोकाला. खाली घायपाताचं काटेरी बेट. समोर समुद्र, जो कालच बघून झाला होता.

"ओ! कोण हाय का? दार अडकलंय!"

लांब हिरवळीवर माळी झारी घेऊन उभा होता. त्यानं वर बघितलं, झारी खाली ठेवली आणि पळत गेला. बाहुबलींना हायसं वाटलं. थोड्या वेळानं माळी सावंतांना घेऊन आला. दोघं माडाखाली उभं राहून वर बघू लागले.

"सावंत! दार अडकलंय! मी भायेर हाय!"

सावंतांनी छातीवर हात ठेवला. "सर, आपणच सांगितलंय!" ते खालून ओरडले. "कारणं देईन म्हणालात!"

"अवो, हे कारण न्हाय! खरंच अडकलंय!"

"असंच म्हणाल, असं वाटलंच होतं, सर! धीर धरा! जमेल तुम्हाला!"

आणि माळ्याचा दंड धरून ते निघून गेले. जाता जाता ते माळ्याला म्हणाले तेही वाऱ्यावर ऐकू आलं. "बघ, किती तळमळतोय बिचारा. पण निश्चय केला म्हणजे केला. असं गिऱ्हाईक भाग्यानं मिळतं."

ऊन वर आलं. बाहुबली भिंतीच्या हातभर सावलीत सरकले. सावली सरकली तसे तेही सरकले. भगवान बाहुबली तप करत वर्षभर उभे होते, अंगावर वेली चढल्या तरी हलले नाहीत, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. पण ते स्वतःच्या मर्जीनं उभे होते. आपण एसीची हवा वाचवायला उभे आहोत. आईवडिलांनी नाव ठेवताना जरा विचार करायला हवा होता, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

तेवढ्यात आत पलंगावरचा फोन वाजला. काचेतून स्पष्ट दिसत होतं, 'रूपाली'. तिनं आधी फोन केला म्हणजे आपण जिंकलो! बाहुबलींनी आनंदानं काचेवर थाप मारली. फोन वाजून वाजून बंद पडला. मग पुन्हा वाजला. मग 'आदिती'. मग पुन्हा 'रूपाली'. जिंकल्याचं सांगायला कुणी नव्हतं.

तिकडं कोल्हापुरात, काल दिवसभर नवऱ्याचा फोन नाही आणि आज तो उचलतही नाही म्हणून धसकलेल्या रूपालीनं शेवटी रिसॉर्टला फोन लावला. "साहेब एकांतात आहेत," सावंत अभिमानानं म्हणाले. "सकाळपासून हाका मारतायत, पण आम्ही कुणी गेलेलो नाही." हे ऐकताच रूपालीनं फोन ठेवला. तिनं हंबीररावांना फोन केला. हंबीरराव म्हणजे शिवाजी पेठेतले बांधकाम ठेकेदार, मगदुमांचे जुने मित्र. माणूस दिलदार, देह दांडगा, आवाज त्याहून दांडगा. त्यांनी काही न विचारता जीप काढली.

दुपार कलल्यावर खाली पोर्चमध्ये आरडाओरडा ऐकू आला आणि बाहुबलींच्या जिवात जीव आला.

"भेटता येणार न्हाय म्हंजे? मला? मेल्याबिल्यात का काय बघाय नको? वहिनीला काय सांगू?"

"साहेबांचा आदेश आहे हो," सावंत कळवळून म्हणत होते. "हवं तर ही चावी घ्या. पण नियम तुम्ही मोडलात. मी नाही."

खोलीचं दार धाडकन उघडलं. हंबीरराव आत आले, काचेपलीकडं टॉवेलातले बाहुबली बघून थबकले आणि त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी खटका अंगठ्यानं सहज वर केला आणि दार सरकवून बाल्कनीत पाऊल टाकलं.

"शेठ! अवो, काळजी करून मेलो की आमी! आणि तुमी हितं वारं खात बसलाय व्हय? आयला, काय समुद्र हाय वो!"

"दार!" बाहुबली किंचाळले. सकाळपासून ओरडून त्यांचा घसा बसला होता. "हंबीरराव, दार! दार!"

"व्हय व्हय, लावतो की," हंबीरराव म्हणाले. "एसी वाया चाललाय." आणि त्यांनी ते ओढून घेतलं.

खट्.

बाहुबली मोडक्या खुर्चीवर बसले, खुर्ची कलंडली आणि ते जमिनीवर आले. हंबीररावांना सगळी हकिकत सांगायला थोडा वेळ लागला. ऐकताना हंबीररावांचं पोट हलायला लागलं. आधी बाहुबलींना राग आला. मग त्यांना स्वतःचा सकाळपासूनचा अवतार डोळ्यांपुढं दिसला, सावलीबरोबर सरकणारा, काचेला थापा मारणारा, आणि तेही हसायला लागले. इतके हसले की टॉवेल सांभाळणं कठीण झालं.

"काय घाबरू नका," हंबीरराव डोळे पुसत म्हणाले. "फोन हाय माझ्याकडं. त्या टायवाल्याला बोलवू. पर पयलं वहिनीला सांगतो. जीव टांगणीला लागला आसंल बिचारीचा." त्यांनी फोन लावला आणि दोन्ही हात पोट धरून हसण्यात गुंतले असल्यानं स्पीकरवर टाकून कठड्यावर ठेवला. बाहुबली सावरून बसले. 'आधी फोन कुणी केला?' हे विचारायची त्यांनी तयारी केली.

"वहिनी, शेठ सापडलं! धडधाकट हायत!"

"हायत न्हवं? बरं झालं बाई." पलीकडं रूपालीनं सुस्कारा सोडला. "मग आता एक करा, भावजी. त्यांना घेऊन येऊ नका."

"आं?"

"परवापर्यंतचं बुकिंग हाय, परवापर्यंत ऱ्हाऊ द्या. लईच गळ घातली तर तुमी बी थांबा सोबतीला, पर आणू नका." तिचा आवाज जरा खाली आला. "तुमाला म्हणून सांगते. काल मी चहा गरम पिला. अख्खा कप. मधी एकदाबी उठाय लागलं न्हाय. आणि संध्याकाळी आदिती म्हणती, आई, आपल्या घड्याळाचा आवाज येतोय बघ. एवढी वर्सं भिंतीवर हाय ते, आमाला ठावंच न्हवतं त्याला आवाज हाय म्हणून."

हंबीररावांनी घाईघाईनं फोन उचलला, पण स्पीकर बंद करायचं बटण त्यांना सापडेना. शेवटी त्यांनी फोनच बंद केला आणि ते समुद्राकडं बघत उभे राहिले.

खाली माळी झाडांना पाणी घालत होता. बाहुबली बराच वेळ काही बोलले नाहीत. काल इथं आल्यापासून ते एवढा वेळ गप्प असे पहिल्यांदाच बसले होते.

"शेठ," हंबीरराव घसा खाकरून म्हणाले, "त्या सावंताला फोन लावतो आता."

"लावा की," बाहुबली म्हणाले. मग टॉवेलची गाठ घट्ट करत त्यांनी विचारलं, "आणि त्याला विचारा, हितं अजून चार दिवस खोली मिळंल का."