तावड्यांचं यंदाचं वर्णन

आमच्या शेजारच्या तावडेवहिनी दर वर्षी नवऱ्याच्या वाढदिवशी पोलीस ठाण्यात जातात आणि त्यांना एका वर्षाने म्हातारं करून येतात.

तावडे हरवले त्याला तीस वर्षं झाली. आंबोळ्यांच्या चटणीला नारळ हवा होता. 'आलोच' म्हणून वाकोल्याच्या बाजारात उतरले, ते अजून यायचे आहेत. वहिनींचं म्हणणं असं, की कागदावर माणूस बेचाळीसचा आणि फिरतोय बहात्तरचा, तर सापडणार कसा? म्हणून ही दर वर्षीची दुरुस्ती.

"यंदा कवळी लिहा. खालचे दात तेव्हाच हलत होते." हे गेल्या वर्षीचं. वहिनी कणकवलीच्या, पण ठाण्यात शुद्ध बोलतात.

समोरचा हवालदार दर दोन-तीन वर्षांनी नवा असतो. "आजी, तुम्ही त्यांना अलीकडे बघितलंय का?"

"बघितलं असतं तर तुझ्याकडे कशाला आले असते, बाबा?"

आतापर्यंत तावड्यांना चष्मा लागला, काठी आली, आईच्या वळणावर जाऊन साठीत डायबिटीस झाला. टक्कल मात्र पडत नाही. मी एकदा म्हटलं, "वहिनी, बहात्तरीत थोडं तरी?"

"तावड्यांत टक्कल नाय गो. तुझ्या घोवासारखो समजलंस काय?"

आमचे हे शेजारीच बसले होते. त्यांनी गुपचूप टोपी घातली.

मध्यंतरी देवनारला कोणी बेवारस म्हातारा सापडला म्हणून फोन आला. वहिनी इस्त्रीची साडी नेसून गेल्या. दुपारी परत आल्या, चपला जागेवर लावल्या, चहा टाकला. "टकलो होतो," एवढंच म्हणाल्या. चहा उतू गेला तरी गॅस बंद करायचं त्यांना सुचेना. शेवटी मी केला.

आता माझी करामत सांगते. नाती मला शहाणी समजतात, त्यांनी हे वाचू नये. तावडे हरवले तेव्हा मी पस्तिशीची, म्हणजे अक्कल यायच्या बरीच आधीची. बिल्डिंगमध्ये काहीही घडो, ते मी पाहिलेलं असायचंच. पोलीस चौकशीला आले तेव्हा मी साडी बदलून, पावडर लावून पुढे. "मी गॅलरीतून बघितलं ना. निळा शर्ट होता. कोपऱ्यावर वळून वर पण बघितलं त्यांनी."

मला दिसली होती एक पाठ. ती तावड्यांची होती की आणखी कोणाची, देव जाणे. पण हवालदार लिहून घेत होता, आणि माझं बोलणं कोणी लिहून घ्यायची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ. मी शर्टाच्या बाह्यासुद्धा दुमडून दिल्या.

तेव्हापासून तो शर्ट कागदावर आहे. दात पडले, केस पिकले, शर्ट निळाच. पांढऱ्या शर्टातला एखादा माणूस त्यापायी कोणी तपासलाच नसेल तर? ठाण्यावरून जाताना हे दर वेळी मनात येतं. तीस वर्षं येतं.

यंदा वहिनींचे गुडघे धरले म्हणून मी सोबत गेले. ठाण्याच्या पायरीवर त्या दम खायला बसल्या. मी म्हटलं, "वहिनी, तो शर्ट... मी उगाच सांगितलं होतं."

"माका म्हायत आसा. निळो शर्ट तेव्हा दोरयेर वाळत होतो. मीच धुतलंलंय."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

वहिनी पदराने मान पुसत राहिल्या. "अख्ख्या वाकोल्यात त्यांका जाताना बघणारी तू एकटी. शर्ट खोडलो तर तुका पण खोडूचा लागतला. मगे त्यांका कोणीच बघूक नाय, असा होतला."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. मग त्यांनी विचारलं, "कोपऱ्यावर वळून बघितल्यानी, ता तरी खरा मा?"

"खरं," मी म्हटलं. "वर बघितलं. तुमच्याच खिडकीकडे."

आत नवा हवालदार होता. त्याने जुना कागद शोधला, वय वाढवलं, ऐकू कमी येतं हे लिहून घेतलं. मग पेन थांबवलं. "आजी, हा निळा शर्ट. हा तरी बदलायचा का आता?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

"निळाच," त्या म्हणाल्या. "पण इतक्या वर्षांत विटला असेल. फिकट निळा लिहा."