मधली भिंत

संगणकाने आईबाबांच्या नव्या घराचा नकाशा काढला आणि घराच्या मधोमध सरळ भिंत घातली. दोन दारं, दोन स्वयंपाकघरं. मुलगी स्वतः आर्किटेक्ट. तिने तो नकाशा पुसून पुन्हा काढायला लावला. भिंत तिथेच.

चूक शोधायलाही जागा नव्हती. तिनेच चाकांवर फिरणारा छोटा रोबो महिनाभर आईबाबांच्या घरात सोडला होता. कोण कुठे बसतं, कुठून कुठे जातं, हे पाहून त्याने शिकायचं आणि संगणकाने त्यावरून त्यांना साजेसं घर सुचवायचं. रोबोने पाहिलं ते एवढंच, की एक खोलीत आलं की दुसरं उठून जातं.

नकाशा लपवावा म्हणेपर्यंत दोघं ऑफिसात हजर झाले. बाबांनी चष्मा लावला.

"ही भिंत कोणी मागितली?" आईने हळूच विचारलं.

मुलीने खाली मान घालून सगळं सांगितलं.

"मी उठतो ते हिला टीव्ही निवांत बघता यावा म्हणून," बाबा म्हणाले.

"अहो, मी तुमच्यासाठी लावते तो. तुम्ही उठलात की मला वाटतं, माझा कंटाळा आला. मग मीही आत जाते."

"मग टीव्ही बघतं कोण?" मुलीने विचारलं.



रोबो पुन्हा घरी गेला. या वेळी दोघं त्याच्या देखत एकमेकांना चिकटून बसले, अगदी फोटो काढायला बसावं तसे ताठ. एक पाणी प्यायला उठलं की दुसरंही मागोमाग. नवा नकाशा आला: एकच मोठी खोली. त्यातच शेगडी, त्यातच पलंग. न्हाणीघराला दार नाही.

"इतकंही नको गं," आई म्हणाली.

बाबांनी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि कागदावर एक भिंत काढली. आईने ती खोडून हातभर अलीकडे घेतली.

"तिथे उजेड येणार नाही," ती म्हणाली.

"येईल. खिडकी मोठी करू."

"मोठी केलीत तर ओटा कुठे घालणार?"

दोघांची डोकी कागदावर टेकायला आली होती. मुलगी काही सुचवायला पुढे झाली, तर बाबांनी वर न बघताच हात केला.

"तू थांब जरा. आमचं बोलणं चाललंय."