तीन नंबरची हिरवळ

रविवारी सकाळी पाहुणे मैदान पाहायला येणार होते आणि शनिवारच्या संध्याकाळपर्यंत तीन नंबरच्या हिरवळीवर गवताची एक काडी उगवली नव्हती. प्रफुल तिथे उकिडवा बसून माती चाचपत होता. महिनाभर त्याने सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं होतं. शेणखत दिलं होतं. एप्रिलच्या उन्हाने दोन्ही पिऊन टाकलं होतं.

चिमूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला, गुणवंतरावांचं रिसॉर्ट बांधलं जात होतं. खोल्या झाल्या होत्या, नळांना पाणी यायचं होतं. आणि धानाच्या जुन्या बांध्या सपाट करून गोल्फचं मैदान तयार होत होतं. हा खेळ समजायला सोपा आहे. एका उंचवट्यावरून काठीने चेंडू मारायचा. दूरवर बारीक कापलेल्या गवताचा एक गोल तुकडा असतो, ती हिरवळ. तिच्यात एक खळगा असतो आणि तो लांबून दिसावा म्हणून त्यात लाल निशाणाची काठी उभी असते. कमीत कमी फटक्यांत चेंडू त्या खळग्यात घालायचा. नऊपैकी पहिले तीन खळगे पूर्ण झाल्याचं गुणवंतरावांनी नागपूरच्या मित्रांना सांगून टाकलं होतं. प्रफुल तिथला सुपरवायझर होता, त्यामुळे ते खरं करणं त्याच्याकडे आलं होतं.

दुसरी अडचण रंभाबाईंची होती. तीन नंबरच्या उंचवट्यासमोर, दीडशे पावलांवर, एक जुना मोह उभा होता. ही जमीन आधी रंभाबाईंची. दोन वर्षांपूर्वी विकताना त्यांनी एवढंच विचारलं होतं, "बापू, मोह येचू द्याल ना?" आणि प्रफुलने हो म्हटलं होतं. तो त्याच भागातला. जमीन कोणाचीही असो, मोहाखालची फुलं ज्या घराची त्या घराचीच, हे त्याला शिकवावं लागलं नव्हतं. पण कागदावर तसं लिहिलेलं नव्हतं. मोह खेळाच्या आड येतो म्हणून गुणवंतरावांनी तोडायची परवानगी काढली होती, आणि सोमवारी करवतवाले येणार होते.

प्रफुल शनिवारीच रंभाबाईंकडे गेला.

"बाई, उद्या एक दिवस मोह येचाले येऊ नका. मोठे लोक येऊन राह्यले."

"मोहाले रविवार समजते का?"

"एक दिवस राहू द्या न."

"आन् परवा त झाडच नाई राहात म्हणते. खरं हाये का?"

प्रफुलने होकारार्थी मान हलवली.

"मंग उद्याचा दिवस काऊन सोडू?" रंभाबाई म्हणाल्या. "उजाडाच्या आत आटपून जातो. तुह्या मोठ्या लोकायले मी दिसत नाई."

त्या शब्दाच्या पक्क्या होत्या. पण त्या पहाटे मोह असा काही गळत होता की एका फेरीत उरकेना. फुलं वेचायला जागा मोकळी व्हावी म्हणून झाडाखालचा पाला जाळत, त्याला मनाई झाल्यापासून वनसमितीने गावात जाळ्या वाटल्या होत्या. रंभाबाई झाडाखाली जाळी अंथरत, तिची टोकं खुंट्यांना वर बांधत, आणि फुलं आपोआप मध्यभागी गोळा होत. त्या दिवशी एक खुंटी मोडली. इकडेतिकडे पाहताना त्यांना चाळीस पावलांवर, उघड्या मातीत, एक चांगली सरळ काठी उगाच उभी असलेली दिसली. ती त्यांनी उपटून आणली. वरची लाल फडकी राहू दिली, माकडं तरी भितील म्हणून. मग भरलेली टोपली रिकामी करायला त्या शेताच्या धुऱ्यापलीकडे गेल्या.

नेमक्या त्याच वेळी पाहुण्यांची गाडी तीन नंबरच्या उंचवट्याशी थांबली. ऊन चढायच्या आत खेळून घेऊ म्हणून ते अर्धा तास आधीच आले होते आणि पहिले दोन खळगे खेळून झाले होते. गुणवंतराव, त्यांचे दोन डॉक्टर मित्र, अश्वजितसाहेब, आणि सोबत प्रफुल. अश्वजितसाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना मैदान आवडलं तर नागपूरचे पन्नास खेळाडू त्यांच्या मागे येतील, असा गुणवंतरावांचा हिशोब होता.

गुणवंतरावांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. मोहाखाली गोल, हिरवागार तुकडा होता. शेजारी लाल निशाण.

"प्रफुल, तू तर म्हणत होतास गवत धरलं नाही."

प्रफुलनेही पाहिलं. जाळी त्याने ओळखली. ती वनसमितीच्या वाटपात त्यानेच ट्रॅक्टरमधून उतरवली होती.

"साहेब, ते..."

"छान काम केलंस," गुणवंतराव म्हणाले, आणि त्यांनी पाहुण्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली. दोन वर्षांत पहिल्यांदा. प्रफुलने गाडीतून खेळायच्या काठ्या उतरवायला घेतल्या.

पहिला डॉक्टर खेळला. चेंडू जरा जोरात गेला, पण मोहाच्या फांदीला लागून खाली हिरव्यावर पडला. दुसऱ्याचाही तसाच. अश्वजितसाहेबांचा सरळ मध्यभागी उतरला. शेवटी गुणवंतराव. पहिल्या दोन खळग्यांत त्यांचे पाच चेंडू नाल्यात गेले होते. हाही नाल्याकडेच निघाला होता. वाटेत मोहाचं खोड आलं, तिथून तो उलटा उडाला आणि हिरव्यावर घरंगळत मध्यभागी जाऊन थांबला.

"एका फटक्यात हिरवळीवर," गुणवंतराव हळू आवाजात म्हणाले. "अकरा वर्षं खेळतोय मी."

मग फोटो निघाले. गुणवंतरावांचे काठीसह, काठीशिवाय, आणि मागे निशाण दिसेल असे. त्यानंतर गाडी निघाली. मध्ये बांबूची दाट रांजी होती, तिला वळसा घालायला पाच मिनिटं लागली.

तेवढ्यात रंभाबाई परतल्या होत्या. चांगलंच उजाडलेलं पाहून त्यांनी घाईने जाळीचा घोळ करून सगळं टोपलीत ओतलं, जाळी गुंडाळून काखेत मारली आणि काठी हातात घेतली. गाडी पोहोचली तेव्हा तिथे झाडलेली माती होती, मोह होता, आणि टोपली घेऊन उभ्या असलेल्या रंभाबाई.

गुणवंतराव झाडाभोवती एक फेरी मारून आले.

"हिरवळ कुठे गेली?"

"इथेच होती, साहेब," प्रफुल म्हणाला.

"हिरवी जाळी होय?" रंभाबाईंनी काख दाखवली. "थे माही हाये."

दोन्ही डॉक्टर एकदम दुसरीकडे पाहू लागले. प्रफुलने आपल्या नोकरीचा मनातल्या मनात निरोप घेतला.

"आणि आमचे चेंडू?" गुणवंतरावांनी विचारलं.

रंभाबाईंनी टोपलीत हात घालून पाहिलं. पिवळसर फुलांत चार पांढरे गोळे होते. "मी म्हणलं, यंदा मोह लय जड पडून राह्यला."

"ते आमचे आहेत, बाई."

"असतीन. पण झाडाखाली पडलं थे माह्या घरचं. माह्या सासूपासून हाये थे. उद्या झाड पाडाल तं मंग तुमचं."

अश्वजितसाहेब पुढे झाले. त्यांनी टोपलीतलं एक फूल उचलून तोंडात टाकलं.

"गुणवंतराव, बाहेरच्या माणसाने चेंडू हलवला तर नियम काय?"

"होता तिथे परत ठेवायचा."

"बरोबर. म्हणजे जाळीवर. बाई, जाळी परत टाकता का?"

"आता नाई. आजची फुलं पडाची बंद झाली. उद्या सकाळी टाकन."

"मग आम्ही उद्या येतो. डाव अर्धा सोडता येत नाही."

"उद्या करवतवाले येणार आहेत," गुणवंतराव म्हणाले.

"येऊ द्या. पण झाड गेलं की तुमचा तो फटका नुसत्या फोटोत राहील. आणि झाड नसतं तर तो चेंडू नाल्यात गेला असता, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय."

गुणवंतरावांनी मोबाईल काढून फोटो पाहिले. मग मोहाकडे पाहिलं. खोडावर, त्यांच्या खांद्याच्या उंचीवर, चेंडूचा एक ताजा गोल वण होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

"प्रफुल, करवतवाल्यांना फोन लाव," ते म्हणाले. "सांग, झाड खेळात आहे."

मोह वाचला. सोमवारी डाव पूर्ण झाला, आणि अश्वजितसाहेबांनी पुढच्या आठवड्यात आठ खेळाडू आणले. त्यांतले सहा जण तर सरळ मोहावरच नेम धरत. शेवटी प्रत्येकाच्या हाती देण्यासाठी नियमांचं एक कार्ड छापलं गेलं. ते घेऊन प्रफुल रंभाबाईंच्या अंगणात गेला. तिथे चटईवर मोह सुकत होता. लाल निशाणाची काठी माकडांसाठी रोवलेली होती. ती त्याने मागितली नाही.

"ऐका, बाई. 'तीन नंबर. मार्च आणि एप्रिल महिन्यांत मोहाखाली पडलेली प्रत्येक वस्तू रंभाबाईंची राहील. खेळाडूने ती त्यांच्याकडून नम्रपणे मागून घ्यावी.'"

रंभाबाईंनी कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण आता कागदावर आलं होतं.

"मार्च, एप्रिल," त्या म्हणाल्या. "आन् जूनमंदी फळं पडतेत, तेलाची. थे कोणाची?"

प्रफुलने कार्ड परत घेतलं आणि तो छापखान्यात गेला.